गरिबांचा वकील
(धर्मग्रामाच्या महोत्सवी सभेंत धर्मगुरूंनीं केलेलें भाषण)



महोत्सवाच्या या मंगल दिनीं परमेश्वराचे उपकार स्मरावे, तशाच आपल्या उणिवाही त्याच्या चरणीं ठेवाव्या, हें आपणांस शोभतें. म्हणून आज मी माझीच एक चूक आपणांपुढें सांगणार आहें.

कांहीं वर्षांपूर्वीं मी दुसऱ्या एका धर्मग्रामांत असतांना एक गरीब विधवा दरमहा माझ्याकडे येत असे. मी तिला धान्य देत असें आणि दयाधर्म घडला असें मानून स्वस्थ बसें. एके दिवशीं तिनें पत्र्याच्या डब्यांतून घडी घातलेला एक कागद काढून माझ्या हातीं दिला. तें न्यायालयाचें समन्स होतें. दिरानें तिच्या राहत्या घरावर दावा लावला होता. तिला वाचतां येत नव्हतें. शिवाय वकिलाच्या फीची धास्ती. म्हणून तिनें तो कागद कित्येक महिने दडवून ठेविला होता. चौकशी केली तों कळलें कीं, एकतर्फी हुकूमनामा केव्हांच झाला आहे. ती एवढेंच म्हणाली, "फादर, कोर्ट श्रीमंतांचें असतें ना?"

बंधूंनो, तें तसें नाहीं. पण हें तिला वेळींच सांगणें माझें कर्तव्य होतें. दारिद्र्यामुळें कोणीही न्यायास मुकूं नये, म्हणून १९७६ सालच्या ४२ व्या दुरुस्तीनें आपल्या राज्यघटनेंत ३९क हें कलम घातलें गेलें. पुढें १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण अधिनियम झाला व ९ नोव्हेंबर १९९५ पासून तो अमलांत आला. त्या अन्वयें स्त्रिया, बालकें, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, अपंग, औद्योगिक कामगार आणि कोठडींतील बंदी यांस उत्पन्नाची अट न लावतां वकील विनामूल्य मिळतो. इतर अल्प उत्पन्नाच्या माणसांसही मिळतो. तालुक्याच्या न्यायालयांतील विधी सेवा समितीकडे अर्ज करावा. १५१०० या क्रमांकावर दूरध्वनि केला तरी सल्ला मिळतो. ही भिक्षा नव्हे, हक्क आहे.

मग त्या विधवेचें नुकसान कां झालें? कायदा होता, परंतु त्याच्या दारापर्यंत तिला नेणारें कोणी नव्हतें. शुभवर्तमानांतील विधवेस न्यायाधीशाचें दार ठाऊक होतें; आमच्या विधवेस तेंही ठाऊक नव्हतें. १९७९ सालीं बिहारच्या तुरुंगांत कित्येक कच्चे कैदी खटला न चालतां वर्षानुवर्षें खितपत पडले होते. वृत्तपत्रांतील वृत्तान्त वाचून श्रीमती कपिला हिंगोरानी या वकील बाईंनीं सर्वोच्च न्यायालयांत अर्ज केला, तेव्हां त्यांच्या सुटकेचा मार्ग मोकळा झाला. वृत्तान्त पुष्कळांनीं वाचला असेल. उठून न्यायालयांत त्या गेल्या.

ब्रिटनीचे संत इव्हो हे धर्मगुरु असून कायदेपंडितही होते. गरिबांचे खटले ते मोबदला न घेतां चालवीत. त्यांचें देहावसान १३०३ सालीं झालें. आजही ते वकिलांचे आश्रयदाते संत आहेत. आपण सारे कांहीं वकील नाहीं. परंतु शेजाऱ्याचा कागद वाचून दाखविणें, तारीख ध्यानांत ठेवणें, तालुक्याच्या न्यायालयापर्यंत त्याच्यासोबत जाणें, एवढें तर आपल्या हातीं आहे!

यासाठीं माझी विनंति अशी कीं, दर रविवारीं मिस्सानंतर दोन सुशिक्षित तरुणांनीं चर्चच्या कचेरींत बसावें आणि ज्याचा जो कागद असेल तो वाचून द्यावा. पहिल्या रविवारीं मी स्वतः बसेन. ज्या घरीं पत्र्याच्या डब्यांत असा कागद पडला असेल, त्यांनीं तो निर्भयपणें घेऊन यावा.

प्रभु आपणां सर्वांस आशीर्वाद देवो.