करवतीच्या पात्यावरून पसरणारा रोग

आज ज्या झाडाबद्दल बोलायचंय ते आपल्या रस्त्यांवर दिसत नाही. पण काश्मीर पाहून आलेल्या कितीतरी घरांत पुस्तकात दाबून ठेवलेलं चिनारचं पान सापडेल. त्या चिनारचा अमेरिकेतल्या त्याच्या भाऊबंदाशी संकर झाला आणि लंडन प्लेन जन्माला आलं. युरोपातल्या शहरांचं हे लाडकं झाड. धूर सोसतं, वेडीवाकडी छाटणी सोसतं, आणि फांदी खोचली तरी रुजतं. म्हणून रांगाच्या रांगा त्याच्याच लागल्या.

करपा आणि भुरी म्हणजे काय, हे नाशिक-सांगलीच्या द्राक्षबागायतदारांना मी सांगायला नको. हे दोन्ही रोग या झाडावरही पडतात. थंड, ओल्या वसंतात करप्याने कोवळी पानं गळून पडली की माणसं धास्तावतात. उन्हाळ्यात झाड पुन्हा पालवतं. फार तर खालचा पालापाचोळा उचलावा, बाकी झाडाला त्याच्या कलाने सावरू द्यावं. मसारिया नावाचा रोग जरा कपटी. तो फांदीला वरच्या अंगाने कुजवतो, त्यामुळे खाली उभ्या माणसाला काही कळत नाही. लंडनमध्ये म्हणून मोठ्या झाडांची नियमित तपासणी करावी लागते. झाड सहसा वाचतं, काळजी खालून जाणाऱ्यांची.

पण आज मी तुमचा वेळ घेतोय तो सेराटोसिस्टिस प्लाटानी या बुरशीसाठी. ती मूळची अमेरिकेची. दुसऱ्या महायुद्धात दारूगोळ्याच्या लाकडी खोक्यांतून ती युरोपच्या बंदरांत उतरली, असं मानतात. २००६ साली ती फ्रान्समध्ये कार्कासोनजवळ, कनाल द्यु मिदीच्या काठावर सापडली. २४० किलोमीटरचा, सतराव्या शतकातला हा कालवा १९९६ पासून जागतिक वारसा आहे. काठावर सुमारे ४२,००० प्लेन होती. त्यांतली बहुतेक आता कापली गेलीत.

रोगट खोड आडवं कापलं की फिकट लाकडात निळसर-जांभळे डाग दिसतात, ओल्या कागदावर शाई फुटावी तसे. बुरशी पाणी वाहणाऱ्या नळ्यांत घर करते आणि भलंथोरलं झाड दोन ते पाच वर्षांत वाळतं. बोर्डो मिश्रण हे बुरशीनाशक ज्या देशाने जगाला दिलं, त्याच देशात या रोगावर फवारणीचा काही उपयोग नाही. रोग आत, औषध बाहेर.

या बुरशीला शिरायला जखम लागते, आणि जखमा करतो आपण. कालव्यावर नावा काठाला घासल्या, दोर खोडांना बांधले, मुळं सोलपटली. भुसा पाण्यात पडला तो खाली वाहत गेला. शहरात हेच काम छाटणीची करवत आणि केबलसाठी चर खणणारं यंत्र करतं. शिवाय रांगेतल्या झाडांची मुळं जमिनीखाली एकमेकांत जुळलेली असतात, त्यामुळे शेजाऱ्याला बाधा व्हायला करवतही लागत नाही.

मग इलाज काय? झाडाला नाही, हत्यारांना. एका झाडावरून दुसऱ्यावर जाताना पातं निर्जंतुक करायचं, खणणारं यंत्र धुऊनच पुढे न्यायचं. बाधित झाड पाडताना भुसा ताडपत्रीवर गोळा करायचा, लाकूड शक्यतो तिथेच जाळायचं. आणि सर्वांत जड काम म्हणजे आजूबाजूची धडधाकट दिसणारी झाडंही पाडायची. कालव्याकाठच्या लोकांना हे कसं पटलं असेल, याचा मला अजून अचंबा वाटतो. आता तिथे एकच एक जात लावत नाहीत. तुर्की ओक आहे, लिंडन आहे, पांढरा पॉप्लर आहे.

आता चिनारचं. ग्रीसमध्ये ही बुरशी २००३ साली आढळली, आणि तिथे ती रस्त्याकडेच्या झाडांवर थांबली नाही. नदी-ओढ्याकाठच्या रानटी चिनारांत शिरली. तिथली झाडं कुणी ओळीने लावलेली नाहीत. पण मुळं तिथेही जुळलेलीच, आणि ओढा रोगट लाकूड खाली वाहून नेतोच.