हात तोच, वस्तू नवी

बाजाराला, दवाखान्याला आपण दोडामार्गहून सावंतवाडीला जातोच. पुढच्या खेपेला तासभर जास्त काढा आणि मोती तलावासमोरच्या राजवाड्यात जाऊन या. तिथे चित्रं काढलेल्या लाकडी खुर्च्या, टेबलं, पेट्या बघायला मिळतील. हे काम ज्यांनी उभं केलं, त्या राजमाता सत्त्वशीलादेवी भोसले यांच्याबद्दल आज बोलूया.

सावंतवाडीचे चितारी पूर्वी गंजिफा रंगवत. गंजिफा म्हणजे खेळायचे गोल पत्ते. दशावतारी गंजिफात 120 पत्ते असतात, दहा अवतारांचे प्रत्येकी बारा. मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह इथे तळहातात मावतील एवढ्या गोलात काढलेले असतात. पुढे छापील पत्ते स्वस्तात मिळू लागले आणि गंजिफाला गिऱ्हाईक उरलं नाही. कामच नाही तर मुलगा बापाकडून ब्रश कशाला हातात घेईल?

सत्त्वशीलादेवी बडोद्याच्या राजघराण्यातून सून म्हणून इथे आल्या. त्यांनी आधी काय केलं, तर त्या स्वतः शिकायला बसल्या. पुंडलिक चितारी या वयोवृद्ध कलाकाराकडून त्यांनी गंजिफा रंगवणं शिकून घेतलं. मग त्यांनी आणि शिवरामराजे भोसले यांनी राजवाड्यातच चिताऱ्यांना बसून काम करायला जागा दिली. पत्ते रंगवणं चालू राहिलंच, पण तीच चित्रं, त्याच वेलबुट्ट्या खुर्चीवर, टेबलावर, पेटीवर आल्या. पत्ते खेळणारे कमी झाले होते, पण खुर्ची तर घराघरात लागते!

मला यातली हुशारी ही वाटते की, त्यांनी हात बदलला नाही, वस्तू बदलली. चिताऱ्याला जे येत होतं तेच त्याच्याकडून मागितलं.

असं फर्निचर बघायचं कसं? नुसत्या रंगाला भुलू नका. काठावरची वेल शेवटपर्यंत सारख्या हातानं गेली आहे का बघा. कोपऱ्यात ती कशी वळवली आहे बघा, कारण खरं कसब तिथे कळतं. बोट फिरवून रंग गुळगुळीत लागतो का बघा. आणि बसून बघा. कितीही सुंदर खुर्ची असली तरी पाठीला टोचली तर काय उपयोग?

आता आपल्या गटाकडे वळू. कुणाला गोधडी शिवता येते, कुणाला सूप-रोवळी विणता येते. "आता कोण घेतं?" म्हणून आपण ते सोडतो आणि पोरी कामाला गोव्याची बस धरतात. बस धरण्यात वाईट काही नाही. पण आईच्या हातातलं कसब एकदा गेलं की परत आणायला पुंडलिक चिताऱ्यांसारखं कुणीतरी जिवंत असावं लागतं.

म्हणून येत्या बैठकीत तीन प्रश्न घ्या. आपल्यातल्या वयस्क बाईला काय येतं? ते तिच्याकडून कोण शिकणार? आणि तेच काम आज लोकांच्या घरात लागणाऱ्या कुठल्या वस्तूवर चालेल? उत्तरं वहीत लिहा, आणि एका वस्तूला किती तास लागले तेही लिहा. आपल्या तासांचा हिशोब आपणच ठेवला नाही, तर गिऱ्हाईक तो कशाला ठेवेल?