गच्चीवरची भट्टी कळंबला कशी गेली

(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात ‘माझा छंद’ या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



‘माझा छंद’ या विषयावर दहा-पंधरा मिनिटं बोला, असं समितीने सांगितलं तेव्हा मी आधी विचारलं, “नक्की मीच ना?” कारण माझ्या छंदाविरुद्ध याच सोसायटीने सर्वसाधारण सभेत ठराव केलेला आहे. इतिवृत्तात तो एकमताने मंजूर झाल्याची नोंद आहे. माझं एक मत विरुद्ध होतं, पण मी रागाने आधीच उठून गेलो होतो. नव्या मंडळींना ही गोष्ट ठाऊक नसेल, म्हणून पहिल्यापासून सांगतो.

माझा छंद लोहारकामाचा. सुरुवात झाली आईच्या विळीपासून. विळीचं पातं पाटातून निखळलं होतं. म्हटलं, लोहाराकडून बसवून आणू. अख्खी सकाळ फिरलो, पण लोहार काही सापडला नाही. माझ्या आठवणीतल्या दुकानाच्या जागी मोबाइलची कव्हरं लटकत होती. शेवटी आईने सुचवलं, “नवीन घे की, निर्मळच्या यात्रेत मिळते.” नवीन घेतली. पण जुनी टाकवेना.

आमच्या लहानपणी पावसाळ्याआधी घिसाडी लोक गाड्या घेऊन यायचे आणि रस्त्याच्या कडेला मुक्काम करायचे. जमिनीत लहानसा खड्डा, त्यात कोळसा, शेजारी भाता. नवरा सांडशीत लाल लोखंड धरायचा आणि बायको उभी राहून घण घालायची. कुठे घालायचा हे तो बारक्या हातोडीने दाखवायचा आणि तिचा घण बरोबर तिथेच पडायचा. शाळा बुडवून बघत बसायचो. भालजी पेंढारकरांचा १९६५ सालचा ‘साधी माणसं’ ज्यांनी पाहिलाय, त्यांना लोहार जोडप्याचा संसार वेगळा सांगायला नको. त्यातलं ऐरणीचं गाणं आपल्या अंताक्षरीत दर वर्षी येतंच. त्याला संगीत देणारे ‘आनंदघन’ म्हणजे खुद्द लतादीदी.

हे काम आपल्याकडे फार जुनं. नागपूरजवळ नायकुंडला उत्खननात लोखंड गाळायची भट्टी सापडली आहे, ती अडीच हजार वर्षांहून जुनी मानतात. तेव्हापासून परवापर्यंत सूत्र एकच, कोळसा आणि भाता. पण इमारतीत राहणाऱ्याने कोळसा पेटवायचा कुठे? धूर, राख, ठिणग्या. परदेशातले हौशी लोहार प्रोपेन गॅसवर चालणारी घरगुती भट्टी करतात, असं वाचनात आलं. आपल्या सिलिंडरमध्ये नुसता प्रोपेन नसतो, प्रोपेन आणि ब्युटेनचं मिश्रण असतं. पण त्यावरही काम भागतं. मग मी कामाला लागलो.

भट्टी म्हणजे काय, तर लोखंडी पाइपचा हातभर लांबीचा जाड तुकडा. जुना सिलिंडर कापून भट्टी करतात असं ऐकलं होतं. तो नाद मी केला नाही, कारण रिकाम्या सिलिंडरमध्येही गॅस उरलेला असतो. पाइपला आतून सिरॅमिक वूलचे २५ मिलिमीटरचे दोन थर. हे वूल १२६० अंशांपर्यंत टिकतं. त्यावर उष्णता सोसणाऱ्या सिमेंटचा लेप, कारण वूलचे बारीक तंतू उडून छातीत जातात. बर्नर म्हणजे तुमच्या शेगडीच्या बर्नरचा मोठा भाऊ. बारीक छिद्रातून गॅस जोरात सुटतो, जाताना सोबत हवा ओढून घेतो, नळीत दोघं मिसळतात आणि तोंडाशी पेटतात. छिद्रासाठी मिग वेल्डिंगची ०.८ मिलिमीटरची टीप लावली. स्वयंपाकाचा १४.२ किलोचा सिलिंडर अशा कामाला वापरणं बेकायदा, म्हणून १९ किलोचा व्यावसायिक घेतला.

ऐरण म्हणून भंगारवाल्याने रुळाचा तुकडा दाखवला. मी पावती मागितली तर तो हसला. रेल्वेची मालमत्ता बेकायदा बाळगण्याविरुद्ध १९६६ चा स्वतंत्र कायदा आहे, म्हटलं छंदापायी कोठडी नको. मग कुठल्याशा मशीनचा भरीव पोलादी ठोकळा घेतला. चौघांनी मिळून तो गच्चीवर चढवला. त्यातले दोघं समोर बसलेत, नावं सांगत नाही.

एका रविवारी संध्याकाळी भट्टी पेटवली. काय सांगू! दहा मिनिटांत आतली भिंत नारिंगी झाली. मी सळई आत घातली, बाहेर काढली, ठोकली. चौथ्या ठोक्याला आपले तेव्हाचे सचिव गच्चीच्या दारात उभे.

त्यांनी आरडाओरडा केला नाही. “भट्टी बंद करा आणि सभेत बोला,” एवढंच म्हणाले. सभेत मी मोठ्या तयारीने उभा राहिलो. “घरोघरी सिलिंडर आहेतच की! मग माझाच का खुपतो?” त्यावर सचिवांनी एकच प्रश्न विचारला. “समजा गॅस सुटला, तर तो गच्चीवरून खाली कुठे कुठे जाईल?” मी हसलो. म्हटलं, उघड्यावर आहे, उडून जाईल. ठराव झाला. भट्टी आठ दिवसांत हलवायची.

त्यानंतर दीड वर्ष मी सचिवांशी बोललो नाही. लिफ्टमध्ये ते असले की जिन्याने जायचो. गणपतीच्या आरतीलाही दुसऱ्या टोकाला उभा राहायचो. माझा हात धरून नवीन काही शिकायची संधी कुणीतरी हिरावून घेतली, असं मनात बसलं होतं.

मावसभावाची कळंबला वाडी आहे. नारळ, केळी, थोडा भाजीपाला, पलीकडे सुरूची झाडं आणि मग समुद्र. त्याने पडवीला लागून पत्र्याची शेड दिली. तिथे पहिला धडा वाऱ्याने शिकवला. दुपारनंतर पश्चिमेचा वारा सुरू झाला की बर्नर फडफडायचा आणि ज्योत उलटी नळीत शिरायची. भट्टीचं तोंड फिरवलं, पश्चिमेला पत्रा उभा केला. दुसरा धडा सिलिंडरचा. तासभर काम झालं की त्याच्या अंगावर दव यायचं, मग बर्फ आणि ज्योत मंदावायची. द्रवाचा वायू होताना उष्णता लागते, ती तो स्वतःच्याच अंगातून घेतो. प्रोपेन उणे ४२ अंशांना उकळतो, ब्युटेन मात्र शून्याच्या आसपास. त्यामुळे थंड झाल्यावर ब्युटेन सुस्तावतो. उपाय म्हणजे कोमट पाण्याचा टब. सिलिंडरला आच कधीही दाखवायची नाही.

तिसरा धडा मात्र मी जन्मभर विसरणार नाही.

शेडच्या मागे नारळाची सोडणं टाकायचा खड्डा होता. सिलिंडर त्याच्या काठावर ठेवलेला. त्या संध्याकाळी वारा पूर्ण पडला होता. रेग्युलेटरचा नट ढिला राहिलेला. वास आला, पण वाटलं, पेटवतानाचा असेल. अर्ध्या तासाने भट्टीपासून खड्ड्यापर्यंत निळसर ज्योत जमिनीवरून सरपटत गेली आणि ‘भक्’ करून सगळा खड्डा पेटला. माझ्या भुवया गेल्या, हातावरचे केस गेले. रेग्युलेटरच्या तोंडाशी आग लागली होती. वहिनीने ओलं गोणपाट टाकलं, तेव्हा भावाला हात घालून व्हॉल्व्ह बंद करता आला. सोडणं पुढे तासभर जळत होती.

रात्री झोप आली नाही. डोळ्यांसमोर सचिवांचा प्रश्न होता. हा गॅस हवेपेक्षा जड असतो. तो उडून जात नाही, पाण्यासारखा उतार शोधतो. गच्चीवरून तो जिन्यात उतरला असता, लिफ्टच्या पोकळीतून तळाच्या खड्ड्यात साठला असता. खाली पार्किंगमध्ये मुलं क्रिकेट खेळतात. लिफ्टच्या बटणाची एक ठिणगी पुरली असती. आणि “घरोघरी सिलिंडर आहेत” हा माझा मुद्दा? शेगडीला गॅस साधारण ३० मिलीबार दाबाने येतो. माझा रेग्युलेटर हजार मिलीबारपर्यंत देतो. तीसपटींहून जास्त. हे आकडे मला सभेच्या दिवशीही माहीत होते. मी ते सांगितले नाहीत.

त्यानंतर शिस्त लावली. खड्डा बुजवला. सिलिंडर शेडबाहेर, सपाट जागी, उभा. दर वेळी प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी. शेड दोन बाजूंनी कायम उघडी, कारण अशी भट्टी कार्बन मोनॉक्साइडही सोडते आणि त्याला वास नसतो. वाळूच्या दोन बादल्या, लाल अग्निशामक. गॅल्व्हनाइज्ड पाइप किंवा पत्रा भट्टीत घालायचा नाही, त्यावरच्या जस्ताच्या धुराने ताप भरतो. आणि एकट्याने काम करायचं नाही.

आता प्रत्यक्ष शिकण्याविषयी. शेजारच्या गावातले एक वृद्ध लोहारकाका भावाने गाठून दिले. त्यांनी भट्टीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, “झकास आहे. पण तुम्हाला दोन बोटं तापवायची असली तर ही हातभर तापवते.” अगदी खरं. भात्याच्या भट्टीत हवी तेवढीच जागा तापवता येते. गॅसच्या भट्टीत सगळा तुकडा मऊ होतो आणि वाकू नये तिथे वाकतो.

पहिले दोन महिने त्यांनी मला नुसते आकडे करायला लावले. भिंतीला ठोकायचे साधे आकडे. चाळीसच्या वर झाले. मी घाईत होतो, लोखंडाची लाली गेल्यावरही ठोकत राहायचो. काका हातोडा काढून घ्यायचे. “लाल गेलं की थांबायचं. थंड्यावर मारलेला घाव तुमच्याच कोपरात जातो.” पंधरा दिवस कोपर धरलं तेव्हा पटलं.

मग कोयता करायला घेतला, ट्रकच्या पाट्याचा, म्हणजे कमानीच्या पट्टीचा. आठ रविवार खपून आकार आणला. लाल केला आणि थेट पाण्यात बुडवला. ‘टिंग’ असा बारीक आवाज आला. धारेपासून पाठीकडे केसासारखी चीर गेली होती. हे पोलाद पाण्यात इतक्या झपाट्याने निवलं की तडकतं, त्याला तेलच हवं. काकांनी बघितलं, पण बोलले काहीच नाहीत. दुसरी पट्टी हातात दिली.

दुसऱ्या खेपेला त्यांनी दोन गोष्टी शिकवल्या. पहिली, रंग सावलीत बघायचा. उन्हात लाल लोखंड काळंच दिसतं. ते नजरेने ओळखतात. मी लोहचुंबक वापरतो, साधारण ७७० अंशांना लोखंडाला चुंबक चिकटेनासं होतं. त्याच्या थोडं वर गेलं की तेलात. दुसरी, तेलातून काढलेला कोयता काचेसारखा ठिसूळ असतो, त्याला उतरवावं लागतं. पातं घासून चकचकीत करायचं आणि पाठ तापलेल्या जाड लोखंडावर धरायची. पाठीकडून धारेकडे रंग सरकत येतात, निळा सगळ्यांत मागे, त्याच्या पुढे जांभळा, तपकिरी, आणि सगळ्यांत आधी धारेला पोचतो तो गवतासारखा पिवळा. पिवळा साधारण २२० अंशांचा, निळा ३०० चा. धार तपकिरी झाली की लगेच थांबवायचं. तो कोयता आज भावाच्या वाडीत चालतो. समुद्राच्या खाऱ्या हवेत दोन दिवसांत गंज धरतो, म्हणून वहिनी त्याला खोबरेल लावून ठेवतात.

काकांचा मुलगा या धंद्यात नाही. तो नोकरी करतो, आणि काकांना त्याचं वाईट वाटत नाही. “तुम्ही हौसेला करता, मी पोटाला केलं,” असं एकदा सहज म्हणाले. म्हणून मी त्यांना दर रविवारची मजुरी देतो. पहिल्यांदा घेईनात. म्हटलं, क्लासची फी असते की नाही? तेव्हा घेतली. आणि हो, आईची विळी त्यांनीच बसवून दिली. पाच मिनिटं लागली.

शेवटचं. आपले तेव्हाचे सचिव आज पहिल्या रांगेत बसले आहेत. वाडीतली आग लागली त्याच्या दुसऱ्या आठवड्यात मी त्यांच्या दारावर गेलो होतो. त्यांनी माझ्या भुवयांकडे बघितलं, आत घेतलं, चहा दिला, आणि आजवर कुणाला काही सांगितलं नाही. पण मी राग सगळ्यांसमोर धरला होता, तेव्हा माफीही सगळ्यांसमोर मागायला हवी. साहेब, तुमचा प्रश्न बरोबर होता आणि मी उत्तर माहीत असून हसलो. मला माफ करा.

सोसायटीच्या मागच्या फाटकाची कडी दोन पावसाळे तुटलेली आहे. ती मी आणि काकांनी मिळून केली आहे. उद्या सकाळी बसवतो. ज्यांना हे काम बघायचं असेल त्यांनी रविवारी सकाळी कळंबला यावं, एका वेळी दोघांनीच. सुती कपडे, बंद बूट आणि डोळ्यांना चष्मा हवा. मुलांनी पालकांसोबत यावं. भट्टी पेटवण्याआधी साबणाचं पाणी मात्र आलेल्या पाहुण्यानेच लावायचं, असा आमच्याकडे नियम आहे.