फेडल्यानंतर उरणारे व्याज



आज मी तुमच्याशी अवघ्या ४०७ रुपयांबद्दल बोलणार आहे. एवढ्याशा रकमेवर भाषण कशाला, असे तुम्हांला वाटेल. पण या ४०७ रुपयांनी माझ्या ओळखीच्या एका गुरुजींच्या घराचा स्लॅब एक पावसाळा पुढे ढकलला. तेव्हा गोष्ट ऐकून घ्या.

गुरुजींचा पगार बँकेत जमा होतो. पगाराच्या खात्यावर बँकेने त्यांना क्रेडिट कार्ड दिले. विहिरीची मोटार जळाली, तेव्हा नवी मोटार त्यांनी कार्डावर घेतली. मुलीची फीदेखील कार्डावरच भरली. दरमहा बिल येई. त्यात दोन रकमा असत, एक पूर्ण देणे आणि दुसरी किमान देणे. गुरुजी किमान रक्कम भरीत आणि निश्चिंत होत. काही महिन्यांनी महागाई भत्त्याचा फरक हातात आला. बिलात २०,००० रुपये बाकी होती. गुरुजींनी सगळीच्या सगळी भरली. घरी येऊन त्यांनी कात्रीने कार्डाचे दोन तुकडे केले. "सुटलो एकदाचे," म्हणाले.

पुढच्या महिन्यात पुन्हा बिल आले. रक्कम ४०७ रुपये! गुरुजी संतापले. "सगळे फेडले, कार्ड कापले, मग हे कुठले काढले? मी एक पैसा देणार नाही." त्यांनी भरले नाहीत. त्यावर उशिराचा आकार चढला, त्यावर कर चढला. चैत्रात घराच्या स्लॅबसाठी कर्ज मागायला गेले, तर साहेब म्हणाले, "गुरुजी, तुमच्या नावावर थकबाकी दिसते आहे." त्या वर्षीचा पावसाळा ताडपत्रीखाली गेला.

आता हे ४०७ रुपये आले कुठून? एक घरगुती दाखला देतो. दुधाचा रतीब असतो. गवळी १ तारखेला मागील महिन्याचा हिशेब लिहून देतो. तुम्ही पैसे १० तारखेला देता. मधल्या दहा दिवसांचे दूध त्या चिठ्ठीत आहे काय? नाही. ते पुढच्या चिठ्ठीत येणार. कार्डाच्या व्याजाचेही तसेच आहे. बँकेने बिल ५ तारखेला काढले. त्यात ५ तारखेपर्यंतचे व्याज धरले. गुरुजींनी पैसे भरले २० तारखेला. मधले पंधरा दिवस २०,००० रुपये त्यांच्याकडे होते आणि त्यांवर व्याज चालूच होते. गुरुजी कोणत्या दिवशी पैसे भरणार, हे बिल काढताना बँकेला कसे कळावे? म्हणून ते व्याज पुढच्या बिलात आले.

हिशेब करून पाहू. शिक्षकांनी तो फळ्यावर जरूर मांडावा. अनेक कार्डांवर व्याज दरमहा साडेतीन टक्क्यांच्या आसपास असते. ऐकायला साडेतीन, पण सालाचे झाले ४२ टक्के. २०,००० रुपयांवर सालाचे व्याज ८,४०० रुपये. त्याला ३६५ ने भागले, तर दिवसाला २३ रुपये पडतात. पंधरा दिवसांचे ३४५ रुपये. या व्याजावर १८ टक्के वस्तू व सेवा कर लागतो, त्याचे ६२ रुपये. बेरीज ४०७. म्हणजे बँकेने हिशेबात लबाडी केली नव्हती. गुरुजी रोज तेवीस रुपयांचे देणे लागत होते, आणि ते त्यांना कोणी समजावून सांगितले नव्हते.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवा. जो मनुष्य दरमहा पूर्ण बिल मुदतीत भरतो, त्याला खरेदीवर व्याज पडत नाही. त्याला बिनव्याजी मुदत मिळते. पण एकदा बाकी पुढे ओढली, की ती सवलत जाते. मग आज दुकानातून घेतलेल्या साखरेवरही आजपासूनच व्याज सुरू होते. कार्ड घालून यंत्रातून रोख पैसे काढले, तर त्यांवर काढल्या दिवसापासून व्याज लागते आणि वर आकारही पडतो. किमान रक्कम भरली म्हणजे उशिराचा आकार टळतो. व्याज टळत नाही. व्याजाच्या दराला वरची मर्यादा तरी आहे काय, असे कोणी विचारील. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ साली सालाला ३० टक्क्यांहून अधिक व्याज अनुचित ठरविले होते. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये तो निर्णय रद्द केला. तेव्हा सावध आपणच राहिले पाहिजे.

मग कार्डाची बाकी फेडताना करावे काय?

पहिली गोष्ट, केवळ बिलावरचा आकडा पाहून भरू नका. बँकेला विचारा, "आज सगळे मिटवायचे, तर आजच्या तारखेपर्यंतच्या व्याजासह किती होतात?" उत्तर लिहून घ्या. तारीख लिहा, तक्रार किंवा विनंतीचा नंबर लिहा.

दुसरी गोष्ट, त्या कार्डावरून मोबाईलचे किंवा दुसऱ्या कशाचे पैसे आपोआप कापले जात असतील, तर ते आधी बंद करा.

तिसरी गोष्ट, पैसे भरल्यावरही पुढची दोन बिले उघडून पाहा. थोडी रक्कम आली असेल, तर ती मुदतीत भरून टाका. भांडायचे तर भरून भांडा. व्याज माफ करा अशी विनंती करता येते. बँक कधी ऐकते, कधी ऐकत नाही. तो आपला हक्क नव्हे.

चौथी गोष्ट, कार्ड कापले म्हणजे खाते बंद झाले, असे समजू नका. बंद करण्याची विनंती लेखी द्या. रिझर्व्ह बँकेने २०२२ साली नियम घालून दिले आहेत. काही येणे बाकी नसेल, तर बँकेने सात कामाच्या दिवसांत खाते बंद केले पाहिजे. नाही केले, तर पुढे दर दिवशी ५०० रुपये ग्राहकाला दिले पाहिजेत. तुमचेच पैसे जास्त भरले गेले असतील, तर तेही परत मिळतात. शिवाय देय तारीख उलटून तीन दिवसांहून अधिक झाल्याशिवाय उशिराचा आकार लावता येत नाही, की थकबाकीदार म्हणून नाव कळविता येत नाही. आणि न भरलेल्या आकारांवर व कराच्या रकमेवर व्याज चढविता येत नाही.

पाचवी गोष्ट, आकारणी चुकीची वाटली, तर बँकेकडे लेखी तक्रार करा. तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. त्याला पैसा लागत नाही, वकील लागत नाही. १४४४८ या नंबरावर माहिती मिळते. आपल्या नावावर थकबाकी दिसते का, तो पत माहितीचा अहवालही प्रत्येक कंपनीकडून वर्षातून एकदा फुकट मागता येतो.

आणि एक इशारा. "तुमचे व्याज माफ करतो, मोबाईलवर आलेला नंबर सांगा," असा फोन आला, तर तो ठेवून द्या. बँक तो नंबर कधीही विचारीत नाही.

मित्रहो, १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि खतपत्रे जाळली. कागदात काय लिहिले आहे, हे त्यांना कोणी दाखवीत नव्हते. त्यानंतर १८७९ साली कायदा झाला. सावकाराने पावती द्यावी, वर्षाला हिशेब लिहून द्यावा, असे त्यात आले. आपल्या आजोबा-पणजोबांना जो कागद मिळविण्यासाठी एवढे सोसावे लागले, तो आज दरमहा आपल्या मोबाईलवर येऊन पडतो. आणि आपण तो उघडून पाहत नाही!

गुरुजींनी व्याज भरले, उशिराच्या आकारासाठी दोन अर्ज केले, तो माफ झाला. नावावरची नोंद निघाली. स्लॅब दिवाळीनंतर पडला. हल्ली सातवीच्या वर्गात सरळव्याजाचा धडा आला, की ते पहिले गणित हेच घालतात: मुद्दल २०,०००, दर ४२, दिवस १५. मुले उत्तर काढतात आणि विचारतात, "गुरुजी, एवढे व्याज कोण देतो हो?" गुरुजी म्हणतात, "न वाचणारा देतो."

तुमच्या घरी असे बिल आले असेल, तर आज रात्री दिव्याखाली बसून ते एकदा वाचा.