पेशीतला कचरा, मेंदूचे आजार आणि रोज्याचा फॉरवर्ड

(युवक-युवतींच्या शिबिरातील भाषण)



मला दिलेला विषय आहे, 'म्हातारपणी मेंदूला काय होतं?' मी जीवरसायनशास्त्र शिकवते, डॉक्टर नाही. त्यामुळे औषधं सांगणार नाही. पेशीत काय घडतं आणि त्याचा आपल्या घराशी काय संबंध आहे, एवढंच बोलणार आहे.

दरवर्षी रमजान आला की एक मेसेज फिरतो. जपानी शास्त्रज्ञाला रोज्यावर नोबेल मिळालं, उपाशी राहिलं की पेशी स्वतःचा कचरा खाते, म्हणून रोजे ठेवणाऱ्याला अल्झायमर होत नाही. तुमच्यापैकी काहींनी तो पुढे पाठवलाही असेल. या मेसेजमध्ये एक गोष्ट खरी आहे, बाकीच्या तिला चिकटवलेल्या आहेत. कोणती खरी, ते कळायला आधी हा कचरा काय आहे ते पाहू.

प्रथिन म्हणजे फक्त डाळ-अंड्यातलं पोषण नव्हे. पेशीतली बहुतेक कामं प्रथिनंच करतात. ती लांब साखळीसारखी तयार होतात आणि नेमकी घडी पडली तरच कामाला येतात. घडी चुकली किंवा जुनी होऊन उलगडली, की ती एकमेकांना चिकटतात आणि त्यांच्या गुठळ्या होतात.

हे होऊ नये म्हणून पेशीत तीन व्यवस्था असतात. पहिली, मदतनीस प्रथिनांची. ती चुकलेली घडी सुधारायला मदत करतात. दुसरी, चिठ्ठी लावण्याची. जे प्रथिन मोडीत काढायचं त्याला उबिक्विटिन नावाची छोटी चिठ्ठी चिकटते आणि प्रोटिअसोम नावाचं पिंपासारखं यंत्र त्याचे तुकडे करतं. या शोधाला 2004 चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. पण या पिंपाचं तोंड अरुंद असतं, मोठी गुठळी आत जात नाही. तिथे तिसरी व्यवस्था लागते, ऑटोफॅजी. पेशी कचऱ्याभोवती एक पातळ पिशवी विणते आणि ती लायसोसोमकडे नेते. तिथलं आम्ल आणि विकरं सगळं विरघळवतात, आणि सुटे झालेले घटक पुन्हा वापरले जातात.

मग मेंदूचंच इतकं नुकसान का? त्वचेच्या, आतड्याच्या पेशी बदलत राहतात. जुन्या गळतात, नव्या येतात. मेंदूतली चेतापेशी मात्र बहुतेक वेळा आयुष्यभर तीच असते. सत्तर वर्षांच्या दादीच्या चेतापेशीही जवळजवळ सत्तर वर्षांच्या. शिवाय या पेशी लांब असतात. कण्यापासून पायाच्या बोटांपर्यंत जाणारा तंतू साधारण एक मीटरचा असतो. टोकाला साठलेला कचरा तेवढं अंतर मागे आणावा लागतो. वय वाढतं तशी ही सगळी व्यवस्था मंदावते.

1906 साली जर्मनीत आलोइस अल्झायमर यांनी आपल्या एका मृत रुग्ण बाईच्या मेंदूत पेशींबाहेर साठलेले थर आणि पेशींच्या आत गुंतलेले धागे दाखवले. 1912 मध्ये फ्रेडरिक लेवी यांना पार्किन्सनच्या रुग्णांच्या पेशींत गोळे दिसले. आज त्यांतली प्रथिनं माहीत आहेत. अल्झायमरमध्ये बाहेर अमायलॉइड आणि आत टाऊ, पार्किन्सनमध्ये अल्फा-सिन्युक्लिन. प्रश्न बराच काळ तोच राहिला. या गुठळ्या आजाराचं कारण आहेत, की आजार होऊन गेल्यावर उरलेली राख?

2006 मध्ये जपानमधल्या दोन गटांनी उंदरांवर केलेले प्रयोग एकाच वेळी प्रसिद्ध झाले. त्यांनी कुठलंही रोगट प्रथिन उंदरांत घातलं नाही. फक्त मज्जासंस्थेच्या पेशींत ऑटोफॅजीला लागणारं एक जनुक बंद केलं. एका गटाने एक, दुसऱ्याने दुसरं. तरीही पेशींत गुठळ्या झाल्या, चेतापेशी मेल्या आणि उंदरांचा चालण्यावरचा ताबा गेला. नुसती सफाई थांबली तरी चेतापेशी मरू शकते, हे त्यातून कळलं. मात्र प्रत्येक अल्झायमर इथूनच सुरू होतो, असं त्यातून सिद्ध होत नाही.

माणसातला पुरावाही पाहा. 1998 मध्ये जपानमध्येच पार्किन नावाचं जनुक सापडलं. त्याचं काम चिठ्ठी लावणाऱ्या यंत्रणेतलं आहे. खराब झालेले ऊर्जाघटक, म्हणजे मायटोकॉन्ड्रिया, मोडीत काढायला ते मदत करतं. हे जनुक आई आणि वडील दोघांकडूनही बिघडलेलं आलं, तर कमी वयात, अगदी चाळिशीच्या आत पार्किन्सन होऊ शकतो. असे दोन्हीकडून येणारे दोष जवळच्या नात्यातल्या लग्नांत जुळण्याची शक्यता वाढते. आपल्याकडे चुलत-मावस भावंडांत लग्नं होतात, महाराष्ट्रातल्या अनेक हिंदू समाजांत मामाच्या मुलीशी होतात. हा कुणा एका धर्माला दोष देण्याचा मुद्दा नाही. घरात कमी वयात कंप किंवा ताठरपणाचा आजार झालेला असेल, तर नात्यात लग्न ठरवण्याआधी डॉक्टरांशी बोला, एवढंच म्हणणं आहे.

आता त्या मेसेजकडे येऊ. योशिनोरी ओसुमी यांना 2016 चं नोबेल मिळालं, हे खरं. पण त्यांनी अभ्यास केला तो यीस्टचा, म्हणजे पाव फुगवणाऱ्या सूक्ष्म बुरशीचा. यीस्टचं पोषण तोडलं आणि पिशव्या कशा तयार होतात, कोणती जनुकं त्या बनवतात, हे शोधलं. रोज्यावर त्यांनी संशोधन केलेलं नाही. उपासमारीने ऑटोफॅजी वाढते, हे यीस्टमध्ये आणि प्राण्यांत दिसतं. पण जिवंत माणसाच्या मेंदूतली ऑटोफॅजी थेट मोजण्याची सोय आज नाही. मग रोज्याने अल्झायमर टळतो, हे कोण कशावरून सांगणार? रोजा ही इबादत आहे. तिला नोबेलच्या शिक्क्याची गरज का पडावी?

यात नुकसान काय, असं वाटेल. नुकसान होतं. पार्किन्सनच्या माणसाला लेव्होडोपाची गोळी दिवसातून अनेकदा, ठरलेल्या वेळी लागते. ती अचानक बंद केली तर शरीर ताठ होतं, ताप चढतो, जीवही धोक्यात येतो. मधुमेही माणसाची साखर एकदम उतरू शकते. आजारी माणसाला रोज्यातून सूट खुद्द सूरह बकरामध्ये दिलेली आहे. ती घेणाऱ्या अब्बांना घरात कमीपणा वाटू नये, हे पाहणं आपलं काम आहे.

दुसरं नुकसान उलट्या बाजूचं. दादी एकच गोष्ट दहा वेळा विचारते, घराची वाट चुकते, आणि आपण म्हणतो, "उमर हुई, ऐसाच होता." किंवा कुणी म्हणतं, असर झालाय, ताविज आणा. विसराळूपणा कधी बी-12 कमी झाल्यामुळे, कधी थायरॉईडमुळेही असतो, आणि तो उपचाराने सुधारू शकतो. तपासणीच केली नाही तर ते कळणार कसं?

अल्झायमर बरा करणारं औषध अजून नाही. अमायलॉइड काढून टाकणारं लेकानेमॅब अमेरिकेत 2023 मध्ये पूर्णपणे मंजूर झालं. दीड वर्षाच्या चाचणीत त्याने घसरण साधारण 27 टक्क्यांनी मंदावली, थांबवली नाही, आणि काहींच्या मेंदूत सूज आणि रक्तस्राव झाला. गेलेल्या पेशी परत येत नाहीत. म्हणून आधीची काळजी महत्त्वाची.

2024 च्या लॅन्सेट आयोगाने स्मृतिभ्रंशाची 14 टाळता येण्यासारखी कारणं मांडली. ती सगळी हाताळली तर जगातले सुमारे 45 टक्के स्मृतिभ्रंश टळू किंवा लांबू शकतील, असा त्यांचा अंदाज आहे. त्या यादीत रक्तदाब, मधुमेह, तंबाखूचा धूर, बहिरेपण, एकटेपणा आहे. आणि पहिल्या वयातलं कारण आहे कमी शिक्षण. म्हणजे बहिणीची शाळा सातवीत सुटू न देणं, हे तिच्या सत्तरीतल्या मेंदूसाठीही केलेलं काम आहे.

शेवटी एक काम सांगते. पुढचा रमजान सुरू होण्याच्या महिनाभर आधी घरातल्या आजारी माणसाच्या गोळ्या आणि त्यांच्या वेळा एका कागदावर लिहा. तो कागद घेऊन त्यांच्याबरोबर डॉक्टरांकडे जा आणि रोजे ठेवता येतील का, ते विचारा. तो मेसेज आला, तर पाठवणाऱ्यालाही हेच करायला सांगा.

आता तुमचे प्रश्न घेऊ.