चौथ्या डिस्कची रात्र

आजचा किस्सा आमच्या अर्धापूरचा. मामांचा फोटो स्टुडिओ आहे, लग्नाचे व्हिडिओ करतात. सगळं शूट एका नॅस डब्यात राहतं: चार टीबीच्या चार डिस्क, रेड ५. मागच्या लग्नसराईत मी घरी गेलो तर डब्यावर केशरी दिवा. मामांना विचारलं तर म्हणाले, "अरे, ते आठ दिवस ओरडत होतं, पोरानं आवाज बंद केला."

बझर बंद करायचं बटण ज्यानं दिलं त्याला एकदा भेटायचंय मला.

रेड म्हणजे काय ते पटकन सांगतो. १९८८ मध्ये बर्कलीच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी पेपर लिहिला. त्यात रेडमधल्या 'आय'चा अर्थ होता स्वस्त. महागडी एक मोठी डिस्क घेण्यापेक्षा स्वस्तातल्या चार जोडा. हॉटेलात तिघांचं बिल ७० झालं, दोघांचे २० आणि ३५, तर तिसऱ्याचे १५ हे न विचारता कळतं ना? तसंच. एक डिस्क गेली तरी बाकीच्या तिघींवरून तिचा डेटा काढता येतो. पण दोन गेल्या की संपलं. आणि फोल्डर चुकून डिलीट केलं तर ते चारही डिस्कवरून जातं, म्हणून याला बॅकअप म्हणू नका. मामा म्हणत होते.

स्मार्ट रिपोर्ट उघडला. एका डिस्कचे खराब सेक्टर रोज वाढत होते. अजून मेली नव्हती, पण शेवटच्या घटका मोजत होती. पाचवा खण रिकामा असता तर जुनी न काढता तिच्यावरूनच नवीवर कॉपी घेता आली असती, तो सगळ्यात सुरक्षित मार्ग. आपल्याकडे चारच खण, चारही भरलेले.

खरी भीती दुसरीच होती. चारही डिस्क एकाच दिवशी, एकाच खोक्यातून घेतलेल्या. आमच्या भागात सगळ्यांना माहितीये, एका घडातली केळी एकदमच पिकतात. त्यात नवी डिस्क भरताना उरलेल्या तिन्ही पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचाव्या लागतात, म्हणजे १२ टीबी. साध्या डिस्कच्या कागदावर साधारण साडेबारा टीबीमागे एक न वाचता येणारा सेक्टर असं लिहिलेलं असतं. प्रत्यक्षात त्या बऱ्याच चांगल्या निघतात, पण ज्यांची लग्नं अजून द्यायची होती त्यांचं शूट मी या भरवशावर सोडणार नव्हतो. लग्न परत लागत नाही. म्हणून आधी ते सगळं दोन बाहेरच्या डिस्कवर उतरवलं. त्यातच एक दिवस गेला. मामा वैतागले, "अरे, डिस्क बदलायला आलास का कॉपी मारायला?"

नवी डिस्क घेताना दुकानदाराला सीएमआर आहे का विचारा. एसएमआर डिस्क सलग लिहिताना इतकी मंदावते की डबा तिलाच खराब समजून बाहेर काढू शकतो. आणि क्षमता जुनीइतकी किंवा जास्त हवी. काही सेक्टर कमी पडले तरी घेत नाही.

मग आली ती गंमत. सॉफ्टवेअर म्हणतं, डिस्क क्रमांक २ फेल. मी ती अधिकृतपणे फेल करून अॅरेमधून काढली. मामांनी दुसऱ्या खणाला हात घातला. मी ओरडलोच, "मामा, थांबा!" सॉफ्टवेअर शून्यापासून मोजतं हो! त्याची २ म्हणजे आपली तिसरी. ती चांगली ओढली असती तर दोन गेल्या असत्या. खरं तर मोजणीवर विश्वासच ठेवू नये, रीबूट झालं की डिस्कची नावंही बदलू शकतात. स्क्रीनवरचा सीरियल नंबर आणि डिस्कवरच्या स्टिकरचा नंबर, दोन्ही मोठ्यानं वाचले. जुळले. मग काढली.

रात्री नऊला रीबिल्ड सुरू. सेकंदाला १५० एमबी धरलं तर साडेसात तास. दोनला लाईट गेली. इन्व्हर्टरनं धरलं, पण मामा आणि मी, दोघंही अंधारात त्या टक्क्यांकडे बघत बसलो. ६३. ६४. कुणी बोलेना. मामी चहा घेऊन आल्या तेव्हा ७१.

सकाळी सहाच्या सुमारास हिरवा दिवा लागला. लगेच स्क्रब लावला, सगळ्या डिस्क एकदा वाचून तपासायला, आणि तो महिन्याला आपोआप चालेल असं करून ठेवलं. अलर्टचा ईमेल आता माझ्या फोनवरही येतो.

निघताना मामांनी जुनी डिस्क हातात घेतली, पुसली आणि विचारलं, "हिच्यावर गाणी टाकायला चालेल का?"