हत्याराची धार आणि कोनाचें गणित

(सोलापूर जिल्ह्यांतील एका खेड्यांत शेतकरी मंडळीसमोर केलेलें भाषण)



आज आम्ही विळा, कोयता आणि विळी यांच्या धारेविषयीं चार शब्द बोलणार आहों. विषय लहान दिसेल. पण माळशिरस-पंढरपुराकडे ऊस तोडणाऱ्या आणि बांधावर कडवळ कापणाऱ्या हातांना तो लहान नाहीं. बोथट कोयत्यानें एका घावाच्या जागीं तीन घाव पडतात, मनगट भरून येतें, आणि जास्त जोर लावल्यानें हत्यार निसटून पायावर येतें.

आम्ही शाळेंत कोन शिकवीत होतों, आणि घरीं विळा मात्र दगडावर कसाहि घाशीत होतों. धार गोल होई. त्याच विळ्यानें घरच्या मंडळींचा अंगठा कापला, तेव्हां आम्हांस आमच्या शिकवण्याची लाज वाटली. फळ्यावरचा कोन हाताला ठाऊक नसेल तर ती विद्या कसली?

आतां युक्ति ऐका. कागदाचा कोपरा म्हणजे ९० अंश. कडेवर कड आणून घडी घाला, ४५ झाले. पुन्हां घाला, साडेबावीस. हा कोन कोयत्याचा. ४५ चे तीन सारखे भाग केले तर १५, हा सुरी-विळीचा. घडी कुरुंदाच्या दगडावर ठेवून तिच्या उतारावर पातें टेकवा, नजरेनें उतार धरा, मग घडी काढून मनगट न हलवितां हात चालवा. विळीचें पातें पाटाला पक्कें असतें. तेथें दगडच त्या कोनांत धरावा.

कोन साधला कीं नाहीं हें कसें कळावें? धारेलगत काजळ लावा. दोन ओढींत अगदीं टोकाचेंच निघालें तर पातें फार उभें धरलें. टोकाचें राहून वरचें निघालें तर फार निजलें. सगळें निघालें तर बरोबर. घासतां घासतां पलीकडे बारीक कोर उलटते, ती बोटाला खरखरीत लागते. मग बाजू पालटा. शेवटीं हलक्या ओढी द्या, आणि न्हावी बंधु वस्तरा ओढतात तसें चामड्यावर उलटें ओढा. दगडावर पाणी असावें. विजेच्या चाकावर पातें निळें पडलें कीं लोखंडाचें पाणी उतरलेंच. दातऱ्या विळ्याला मात्र ही रीत लावूं नका.

लोहार-शिकलगार बंधूंचा धंदा बुडावा असा आमचा हेतु नाहीं. पातें ठोकून पातळ करणें, त्याला पाणी देणें ही त्यांचीच विद्या. पण रोजची धार ज्याची त्यानें राखावी. मुलांनो, उद्यां येतांना कागदाची घडी करून आणा. आणि घरीं आईची विळी आधीं पाहा.